उतरत गेलेल्या पाट्या

आमच्या बाजारपेठेत मान वर करून चाललं की पेंटर भेटतात. स्वतः नव्हे, त्यांची अक्षरं. कापडवाल्याच्या इमारतीच्या पार माथ्यावर, जिथं कबुतरंसुद्धा जरा विचार करून बसतात, तिथं ‘सूटिंग शर्टिंग’ अशी माणसाहून उंच लाल अक्षरं आहेत. ती पेंटरांनी ऐन जवानीत काढली. दोन शिड्या दोरखंडानं एकमेकींना बांधलेल्या, दातात ब्रश, मनगटात रंगाच्या डब्याची कडी, आणि खाली शिडी धरायला नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. तीच आता आमची काकू.

“मी शिडी धरायचे आणि डोळे गच्च मिटून घ्यायचे,” काकू सांगतात.

“मग धरून उपयोग काय?” कुणीतरी विचारतंच.

“का? पडले असते तर माझ्यावरच पडले असते की. जमिनीपेक्षा मी मऊ.”

पेंटर जन्मजात सुखी माणूस. बाकीच्यांना सुख मिळवावं लागतं, यांना ते पाठीवरच्या तिळासारखं जन्मापासून चिकटलेलं. डॉक्टरांनी चहातली साखर बंद केली, तर म्हणाले, बरं झालं, इतकी वर्षं नुसती साखरच पीत होतो, चहा आत्ता प्यायला मिळाला. फ्लेक्सचे छापील बोर्ड आले आणि शहरातले निम्मे पेंटर ब्रश टाकून दुसऱ्या धंद्याला लागले, तर म्हणाले, बरं झालं, घाईची गिऱ्हाइकं तिकडं गेली, आता अक्षर कळणारी तेवढी उरली. ‘कसं काय?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘झकास!’ तेही असल्या आवाजात की समोरच्या सलूनमधल्या गिऱ्हाइकानं खुर्चीत दचकावं. आयुष्यभर शिडीवरून खाली ओरडून बोलल्यामुळं तो आवाज जमिनीवर आल्यावरही तसाच राहिला होता.

“पेंटर, हळू जरा,” सलूनवाला दारातून ओरडायचा. “एखाद्याचा कान जाईल माझ्या हातून.”

“एक गेला तर दुसऱ्यानं ऐकेल तो. तू काप.”

असल्या माणसाच्या छातीत बिघाड असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासायला म्हणून गेले, तर तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली ती काढेचना. आत खरखर ऐकू येत होती. मग पुढच्या तपासण्या झाल्या, आणि कळलं ते असं: हृदयातून रक्त बाहेर पडून सगळ्या अंगाला जातं, त्या तोंडावरची झडप कडक झालीय. तिच्यावर चुन्यासारखे थर बसलेत. ती पुरती उघडतच नाही.

“म्हणजे ब्रश न धुता ठेवला की केस ताठ होतात, तसं?” पेंटरांनी विचारलं.

“तसंच,” हृदयाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा.”

“इथं टर्पेंटाइन चालत नाही. नवा ब्रशच घ्यावा लागेल.”

हल्ली त्यासाठी छाती उघडावी लागत नाही, हेही त्यांनी समजावलं. मांडीच्या वरच्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाला मिटलेल्या छत्रीसारखी नवी झडप, आणि ती जुनीच्या आत नेऊन उघडायची. जुनी बिचारी कडेला चेपून बसते. हे ऐकताना काकूंना घेरी यायची वेळ आली. पेंटर मात्र खूश. खालून चढत जाऊन वरचं काम करायचं, म्हणजे ते त्यांना आपल्या धंद्यातलंच वाटलं.

तारीख ठरली. दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक रजा काढून येणार होती. काकूंनी बॅग भरून पलंगाखाली सारली. आणि साथ आली.

आधी बातम्यांत आली, मग शेजारच्या शहरात, मग आमच्याच रस्त्याच्या टोकाला. बघता बघता शटरं खाली आली, बस बंद झाल्या, माणसं तोंडं बांधून फिरायला लागली. हॉस्पिटलातून फोन आला की आगाऊ ठरलेली सगळी कामं पुढं ढकललीत. खाटा, यंत्रं, नर्सा, सगळं साथीच्या पेशंटांकडं वळवलंय. नवी तारीख नंतर कळवू.

“नंतर म्हणजे कधी?” काकूंनी विचारलं. पलीकडच्या बाईला तरी काय ठाऊक असणार?

काकू फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. पेंटरांनी पलंगाखालची बॅग ओढली, तिच्यातून आपला आवडता टॉवेल काढला आणि गाणं गुणगुणत आंघोळीला गेले.

साथीनं आमच्या रस्त्यावर कुणाचं भलं केलं असेल तर ते पेंटरांचं. दुकानं थोडा वेळ उघडायची परवानगी मिळाली, पण अट अशी की दारासमोर गिऱ्हाइकांनी लांब लांब उभं राहायचं आणि उभं राहायच्या जागा रंगवून दाखवायच्या. आता हे काम फ्लेक्स छापणाऱ्याच्या बापाला जमणार होतं का? पेंटरांनी एका फळीला खाली चाकं ठोकली, तिच्यावर जुनी उशी बांधली, आणि तिच्यावर बैठक मारून ते बाजारभर सरकत गोल काढायला लागले. मध्ये खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला खडू, आणि वरून पिवळा रंग. गोल असा की परकारानं लाजावं. औषधवाल्यापुढं, किराणावाल्यापुढं, बँकेपुढं, दवाखान्यापुढं. एरवी कंजूष असलेला चष्मेवालासुद्धा म्हणाला, माझ्या गोलांना जरा बॉर्डर टाका.

“पेंटर, मजा आहे बुवा तुमची,” बंद सलूनच्या पायरीवर बसून सलूनवाला म्हणायचा. “सगळं जग घरात आणि तुम्ही गाडीवर.”

“तुझं दुकान उघडलं की तुलाही देतो गोल काढून. आधी तुझेच केस काप, अस्वल झालायस.”

तसे गेली काही वर्षं ते खालचंच काम करत होते. त्यांचं त्यावर एक शास्त्र होतं, आणि चहाच्या टपरीवर ते आम्हा सगळ्यांना अनेकदा ऐकावं लागलं होतं. “वर कोण बघतं आता?” ते म्हणायचे. “सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. पाटी माथ्यावर लावाल तर देव वाचेल. पाटी पोटाच्या उंचीला पाहिजे!” हे इतकं पटण्यासारखं होतं की दुकानदारांनी खरोखरच पाट्या खाली घेतल्या. कुणी शटरवर रंगवून घेतलं, कुणी दाराच्या काचेवर. दंतवैद्यानं तर पायऱ्यांवर एकेक दात काढून घेतला. लोक बाहेरगावाहून येऊन त्या पायऱ्यांचे फोटो काढून न्यायचे. कलेतला नवा विचार म्हणून आम्ही त्याचं कौतुकच केलं.

थोड्या थोड्या दिवसांनी हॉस्पिटलातल्या एका सिस्टरचा फोन यायचा. झडपेसाठी थांबलेल्या सगळ्या पेशंटांना फोन करायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि तेही त्या घरूनच करायच्या. मागून लहान बाळ रडताना ऐकू यायचं. मधूनच एखादी खाट मोकळी व्हायची आणि ती कुणाला द्यायची हे फोनवरच्या उत्तरांवरून ठरायचं. ज्याचा दम वाढला, ज्याला चक्कर आली, तो आधी. कारण दम लागायला लागला की ही झडप फार दिवस साथ देत नाही, हे डॉक्टरांना पक्कं माहीत असतं. पेंटर फोन स्पीकरवर टाकायचे आणि खुर्चीत टेकून बसायचे.

“काका, कसे आहात?”

“झकास!”

“दम लागतो का?”

“छे.”

“चालताना?”

“चालतो कुठं? मी फळीवर असतो.”

“फळीवर?”

“चाकांच्या. गोल काढतो ना, सिस्टर. बाजारात या कधी, तुम्हालाही उभं करतो एकात.”

“बरं, जिना चढताना काही?”

“आमचं घर तळमजल्यावर.”

“चक्कर? छातीत दुखणं? झोप लागते?”

“झोप अशी लागते की बायको मधून मधून हलवून बघते, आहे का म्हणून.”

सिस्टर मनापासून हसल्या. दिवसभर रडकुंडीला आलेली माणसं ऐकून ऐकून त्यांना हा आवाज गोड वाटत असणार. “तब्येत छानच आहे तुमची. मग काका, तुम्हाला जरा थांबवते हं. दुसऱ्यांना जास्त गरज आहे.”

“खुशाल घ्या त्यांना आधी. मी कुठं पळून चाललोय?”

यात एक शब्द खोटा नव्हता. गंमत तिथंच होती.

काकू शिवणाच्या मशीनवरून हे सगळं ऐकायच्या. त्यांना बरंही वाटायचं आणि कुठंतरी खुपायचंही. काय खुपतंय ते मात्र सापडत नव्हतं. ते सापडलं औषधवाल्याच्या रांगेत.

त्या सकाळी औषधवाला आत एकटाच होता, त्यामुळं रांग मुंगीच्या पावलानं चालली होती. पुढची बाई सरकेपर्यंत आपल्या गोलात उभं राहायचं. बोलायचं तर तोंड बांधलेलं, बसायचं तर रस्ता तापलेला. काकू इकडं तिकडं बघायला लागल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा रस्ता आपण असा कधी बघितलाच नाही. एरवी हातगाड्या, ताडपत्र्या, बस, भाजीवाल्यांच्या छत्र्या, यांच्यामागं भिंती दिसायच्याच नाहीत. आता सगळं उघडं. आणि भिंतीभिंतीवर नवऱ्याचं अक्षर.

माथ्यावर ‘सूटिंग शर्टिंग’. ते लग्नाच्या वर्षीचं. त्याच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, टायपिंग क्लासची निळी अक्षरं. तेव्हा लेक पोटात होती, म्हणून शिडी धरायला सासऱ्यांना उभं केलं होतं, आणि सासरे शिडी सोडून खालून चुका काढत होते. पहिल्या मजल्यावर चष्मेवाल्याचे ते दोन मोठ्ठे डोळे. लेक त्या डोळ्यांना भिऊन रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं शाळेत जायची. त्यानंतर चपलांच्या दुकानाची पट्टी, शटरच्या जरा वर. लेकीच्या लग्नाच्या धावपळीत काढलेली. ती स्टुलावर उभं राहून काढली होती, हे काकूंना चांगलं आठवत होतं, कारण शिडी कुठंय असं त्यांनी विचारलं होतं आणि ‘स्टूल बास आहे’ असं उत्तर मिळालं होतं. मग शटरं. मग दाराच्या काचा. मग दंतवैद्याच्या पायऱ्या.

नजर घसरत घसरत काकूंच्या स्वतःच्या चपलांपाशी आली. चपलांभोवती पिवळा गोल.

माणूस वर्षागणिक खाली उतरत आला होता, भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सुरेख वळणदार अक्षरांत. आणि बायको असून आपण म्हणत राहिलो, यांचं शास्त्र बरोबर आहे, हल्ली वर कोण बघतं.

“काकू, पुढचा गोल रिकामा झाला की,” मागून सलूनवाला म्हणाला.

काकू सरकल्या नाहीत. मागं वळून म्हणाल्या, “अरे, पेंटर शिडीवर शेवटचे कधी चढले रे?”

“शिडी?” सलूनवाल्यानं डोकं खाजवलं. “शिडी माझ्याकडंच आहे की. दिवा बदलायला नेली होती. मागितलीच नाही त्यांनी परत.”

“कधी नेली होतीस?”

तो बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला. “काकू, तेव्हा माझा बाप दुकानात बसायचा.”

औषधं न घेताच काकू घरी आल्या. पेंटर रंगाचे डबे पुसत बसले होते. भांडण करायचं तर आत्ताच तोंड फुटलं असतं, पण त्यांनी आवाज साधा ठेवला. “चला, गच्चीवर जाऊन येऊ. घरात बसून अंग आंबलंय.”

“गच्चीत काय ठेवलंय? डास.”

“सकाळी कसले डास? चला म्हणते ना.”

बायकोचा हा सूर पेंटरांना ओळखीचा होता. उठले. आमच्या इमारतीचा जिना अरुंद आहे, भिंतींना कित्येक वर्षं रंग नाही. पहिल्या वळणावर पेंटर थांबले आणि नखानं भिंत खरवडायला लागले. “बघ, पोपडे कसे आलेत. आत ओल आहे. आधी प्रायमर मारायला पाहिजे होता.” काकू दोन पायऱ्या वर थांबल्या. दुसऱ्या वळणावर विजेचे मीटर होते. पेंटरांनी ते सगळे एकामागून एक बारकाईनं वाचले. “हे वरचे लोक फार वीज जाळतात.” वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. मध्ये एक श्वास आला, मग आणखी एक.

“पोपडे बघायला थांबलात की दमाला?”

“दोन्ही... एकदम जमतं की.”

शेवटच्या पायऱ्या उरल्या होत्या. गच्चीचं दार दिसत होतं, फटीतून ऊनही येत होतं. पेंटरांनी कठडा धरला, पुढची पायरी चढले, आणि हळूच खाली बसले, जसं कुणी मुद्दाम ठरवून बसावं. ओठांचा रंग गेला होता. “आलोच,” म्हणाले. “जरा अंधारून आलं.”

काकू त्यांच्या मागच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना छातीशी टेकवून धरून राहिल्या. या वेळी डोळे उघडे ठेवून. वरच्या मजल्यावरच्या मुलानं दार उघडून बघितलं, त्याच्याकडून पाणी मागवलं. हळूहळू रंग परत आला, पेंटरांना बोलायला जमायला लागलं.

“अगं, मी खोटं नाही बोललो त्या सिस्टरशी.”

“नाही बोललात.”

“मला खरंच वाटत होतं की मी मजेत आहे.”

“मजेत होताच तुम्ही,” काकू म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. “जे जे जमेना ते ते सोडून दिलंत, आणि उरलेल्यात मजेत राहिलात. मलाही कळू दिलं नाहीत, आणि स्वतःलाही नाही.”

पेंटरांनी यावर विनोद केला नाही, हेच काकूंना चक्करेपेक्षा जास्त लागलं.

खाली आल्याबरोबर काकूंनी सिस्टरला फोन लावला. पेंटर बाजूला पडून होते, अंगावर पांघरूण.

“सिस्टर, यांना विचारू नका. मला विचारा.”

“बोला ना काकू.”

काकूंनी सगळं सांगितलं. माथ्यावरची अक्षरं, स्टूल, शटरं, पायऱ्या, फळी, आणि आजचा जिना. सिस्टरच्या मागचं बाळ रडत होतं, पण त्यांनी एकदाही ‘एक मिनिट’ म्हटलं नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “काकू, असं होतं. माणूस नकळत कमी कमी करत जातो. म्हणून तर आमच्याकडं आलात की आधी पॅसेजमधून चालवून बघतो आम्ही. चेहरा दिसतो, पाय दिसतात. फोनवर नुसता आवाज येतो. आणि काकांचा आवाज म्हणजे...”

“तो आवाज मला ऐकवू नका. तुम्हीही ऐकू नका,” काकू म्हणाल्या.

“नाही ऐकत आता. मी आत्ताच्या आत्ता डॉक्टरबाईंना सांगते. काकांना जिना चढू देऊ नका, जड काही उचलू देऊ नका. पुन्हा चक्कर आली तर फोन करत बसू नका, थेट घेऊन या. वाट बघता बघता आमचे काही...” त्या थांबल्या. “घेऊन या, बस.”

डॉक्टरबाईंनी संध्याकाळी स्वतः फोन केला. आठवडा संपायच्या आत करून टाकू म्हणाल्या. मग मात्र घरात खरी चर्चा पेटली. लेक व्हिडिओ कॉलवर रडवेली झाली होती.

“आई, सगळे तिथून पळतायत आणि तू बाबांना तिथं पाठवतेस? उलट साथच घेऊन आले घरी तर?”

“त्यांचा मजला वेगळा आहे, दार वेगळं आहे. आधी तपासणी करूनच आत घेणार आहेत.”

“तरी पण आई...”

“साथ लागेल की नाही ते मला माहीत नाही, बाळा. झडपेचं माहीत आहे. माझ्या अंगावर टेकून बसले होते जिन्यात.”

लेकीनं डोळे पुसले. मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला काय वाटतं?”

पेंटरांनी तोंड उघडलं. दोघींनाही वाटलं, आता ‘झकास’ येणार. पण ते म्हणाले, “भीती वाटते. आत एकट्यानं जायचं, बरोबर कुणी नाही. पण हिनं ठरवलंय ते बरोबर आहे.” आणि जरा वेळानं, “ती बॅग भर परत. टॉवेल मी वापरला.”

हॉस्पिटलात बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. सलूनवाल्यानं आपल्या मेव्हण्याची गाडी मागून आणली होती, त्यात बसून काकूंनी दार लागताना बघितलं. काचेपलीकडं पेंटरांनी हात वर केला आणि चाकाच्या खुर्चीतून आत गेले. पुढचे तास काकूंनी फाटकासमोरच्या कट्ट्यावर काढले. सलूनवाला मधून मधून गप्पा मारायचा प्रयत्न करायचा. एकदा तर म्हणाला, काकू, मी शिडी परत आणून देऊ का? काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पाण्याची बाटली आणायला गेला.

आतली हकिगत पेंटरांनी नंतर इतक्या वेळा सांगितली की आता आमच्या रस्त्यावर प्रत्येकाला वाटतं, आपण तिथंच होतो. पूर्ण भूल दिली नव्हती, नुसती गुंगी होती. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, चष्मे, मास्क, कोण डॉक्टर आणि कोण झाडूवाला कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं कोण ते लिहिलेलं. “आणि अक्षर?” पेंटर सांगायचे. “कोंबडीचे पाय परवडले! एकाच्या पाठीवर ‘डॉक्टर’ लिहिताना जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर बगलेत गेलेलं. मी म्हटलं, देवा, या माणसांच्या हातात माझी झडप.”

ट्रॉलीवरून नेताना त्यांना दुसरा एक शोध लागला होता. पेशंट उताणा, त्याला दिसतं नुसतं छत, आणि पाट्या सगळ्या भिंतींवर. कुठं चाललोय ते पेशंट सोडून सगळ्यांना कळतं. हे त्यांनी तिथल्या तिथं डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, आता जरा गप्प पडून राहा, मी तुमच्या हृदयाच्या दारात आहे.”

मग छातीत एकदम घोडे सुटल्यासारखी धडधड झाली, आणि थांबली. कुणीतरी कुणालातरी म्हटलं, बसली. डॉक्टरबाईंनी मास्कच्या वरून डोळे मोठे करून हसून दाखवलं. नंतर वॉर्डात एका तरुण डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

“काय, खरखर?” पेंटरांनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही. शांत आहे.”

दुसऱ्या दिवशी खाटेवर उठून बसवल्यावर पेंटरांनी एका नर्सकडून मार्कर मागून घेतला आणि तिला म्हणाले, “वळ पोरी, पाठ कर.” तिच्या पोशाखावर त्यांनी तिचं नाव काढलं, सावलीसकट. ती आरशात बघून आली आणि बाकीच्यांना बोलवायला गेली. मग खाटेसमोर रांगच लागली. राऊंडला आलेल्या डॉक्टरबाईसुद्धा, घाईत आहे म्हणत म्हणत, वळून उभ्या राहिल्या.

घरी सोडायचा दिवस फार लवकर आला. एरवी आणखी ठेवलं असतं, पण आता प्रकृती ठीक असलेल्याला तिथं कोण ठेवणार? फाटकासमोर रुग्णवाहिकांची गर्दी होती, म्हणून सलूनवाल्यानं गाडी पार पलीकडच्या रस्त्याला लावली होती. काकू बॅग घ्यायला पुढं झाल्या. पेंटर चाकाच्या खुर्चीतून उठले, नर्सला हात जोडले, आणि चालायला लागले.

“सावकाश,” काकू म्हणाल्या.

“सावकाशच चाललोय. तर मी काय सांगत होतो, ती डॉक्टरीण मोठी गोड बाई आहे, पण पाट्यांचं तिला काही कळत नाही, मी तिला म्हटलं की आत शिरताना जो निळा बाण आहे तो भिंतीवर फुकट जातोय, तो छतावर काढला तर एका नजरेत पेशंटला कळेल आपण कुठल्या दाराशी आलो, आणि रंग निळा नको, निळा छतावर आभाळासारखा विरून जातो, पिवळा पाहिजे, काळी किनार देऊन...”

काकू जरा मागं राहून चालल्या होत्या. बॅग जड होती, मास्कनं नाक घामेजलं होतं. बाणाचं काय आणि किनारीचं काय, त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या ऐकत होत्या ते एवढंच, की वाक्य तुटत नाहीये. गेली कित्येक वर्षं हा माणूस बोलायचा तेव्हा थांबायचा आणि चालायचा तेव्हा गप्प व्हायचा. आता दोन्ही एकदम चाललं होतं, फुटपाथ संपला तरी, रस्ता ओलांडला तरी.

“...आणि अक्षर कसं पाहिजे, ठसठशीत, कारण गुंगीतल्या माणसाला बारीक दिसत नाही, मला तरी कुठं दिसत होतं? ऐकतेस ना?”

“ऐकतेय,” काकू म्हणाल्या. “तुम्ही बोला. आणि तो मास्क नाकावर घ्या.”